हत्तीच्या पोटातली हाक

कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की अंबड रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाभळींना कापूस लागतो. काट्याकाट्याला पांढरे पुंजके लटकतात. येणारेजाणारे गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात आणि खाली लिहितात, जालन्यात बर्फ पडला. दरवर्षी तोच विनोद आणि दरवर्षी त्यावर हसणारी तीच माणसं. मला मात्र तो कापूस दिसला की तोंड कडू होतं. कारण त्याच दिवसांत शाळूची ज्वारी निसवते, कणसं बाहेर पडायला लागतात, वेचणी संपून रानं मोकळी होतात, मेंढरं गोदावरीच्या अंगाला उतरू लागतात, आणि माझ्या दुकानाच्या काउंटरवर बसलेला पिवळा हत्ती माझ्याकडे बघतो.

बघतो म्हणजे काय, डोळे रंगवलेले आहेत, तेही तिरपे. पण या दिवसांत तो बघतो.

जालन्याच्या मस्तगडात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओपासून सुरुवात केली. मग टीव्ही आले, मग रिमोट आणि चार्जर, आणि आता खेळणी. खेळण्यांमध्ये मी आवाज भरून देतो. ‘आवाज भरून मिळेल’ अशी पाटी मीच रंगवून घेतली आहे. शेजारी पंक्चरवाल्याची ‘हवा भरून मिळेल’ अशी पाटी आहे. दोघांच्या मालात फार फरक आहे असं मला वाटत नाही. त्याची हवा निदान कुणाला तरी घरी पोचवते.

काम सोपं आहे. हत्तीच्या पोटावरचे स्क्रू काढले की आत नखाएवढी पट्टी असते, तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. कारखान्यातून आलेलं इंग्रजी बडबडगीत त्या ठिपक्यात असतं. ती पट्टी काढून टाकायची आणि तिच्या जागी आवाज साठवणारी पट्टी बसवायची. केसासारख्या तारा कथलाने जोडायच्या. दाण्याएवढा माइक शेपटीखाली भोक पाडून बाहेर काढायचा. एक बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. नंतर पोट दाबलं की हत्ती तेच बोलतो, आणि बोलताना सोंडेतला लाल दिवा लुकलुकतो. स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा असल्यामुळे कुणाचाही आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा येतो. मी मागे जरा स्पंज लावतो, त्याने खरखर कमी होते. यात कसब वगैरे काही नाही. तरी पहिला हत्ती बोलला, तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो होतो की अजून आठवलं तरी मान खाली जाते.

तो पहिला हत्ती वैष्णवीसाठी होता.

वैष्णवी, घरातली वैशी, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आम्ही मूळची मेंढरांमागची माणसं. वस्ती भोकरदनकडच्या डोंगराच्या बुडाशी. दिवाळी झाली की दादा आणि वहिनी घोड्यावर संसार लादून मेंढरं घेऊन निघतात आणि घनसावंगीच्या पुढे काळ्या रानात उतरतात. तिकडचे शेतकरी मोकळ्या झालेल्या शेतात मेंढरं बसवून घेतात. शेताला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो, दादाला ज्वारी मिळते. आज या शेतात तळ, चार दिवसांनी त्या शेतात. त्या वर्षी वैशी पहिलीत गेली होती, आणि मी दादाला म्हणालो की पोरीची शाळा बुडते, तिला माझ्याकडे ठेव. हे सांगताना माझ्या आवाजाला एक वजन आलं होतं. शिकलेला धाकटा भाऊ, शहरात पक्कं घर, भिंतीवर घड्याळ. वहिनीने वैशीचे कपडे पिशवीत भरले आणि वर भाकरी बांधून दिली, जणू जालन्यात भाकरी मिळत नाही.

दिवसभर पोरगी छान असायची. शाळेत जायची, गल्लीतल्या मुलींबरोबर खेळायची, माझ्या बायकोमागे, सुमनमागे, स्वयंपाकघरात लुडबुडायची. दिवस कलला की तिचं काहीतरी बिनसायचं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची. समोरच्या अरुंद गल्लीत दुचाक्या, ऑटो, हातगाड्या यांचा गोंगाट असायचा, आणि ती त्यातून काहीतरी निवडून ऐकायचा प्रयत्न करत असल्यासारखी मान तिरकी करायची. मग रडायला लागायची. हुंदके नाहीत, आरडाओरड नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. विचारलं की म्हणायची, “काई न्हाई, काका. मेंढरं यायची येळ झाली.”

ही वेळ मला माहीत होती. कोकरं लहान असली की मेंढरांमागे रानात नेत नाहीत, ती दिवसभर तळावर जाळीच्या कुंपणात ठेवतात. संध्याकाळी धुरळा उठतो, मेंढरं परततात, आणि दोन्हीकडून ओरडा सुरू होतो. आया ओरडतात, कोकरं ओरडतात. त्या कल्लोळात प्रत्येक कोकरू आपल्या आईला गाठतं, दोन ढुशा देतं आणि आचळाला लागतं. एखादं चुकलंच तर माणूस उचलून नेऊन लावतो. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं. घटकाभराने सगळं चिडीचूप होतं. त्या शांततेसारखी शांतता मी पुढे कुठेही ऐकली नाही. हे सगळं मला ठाऊक असूनही मी काय विचार केला? मी विचार केला, या रडण्यावर काहीतरी उपाय काढला पाहिजे.

दादाकडे बटणांचा फोन होता. तो शेतकऱ्याच्या घरी चार्जिंगला लागलेला असायचा किंवा रेंजच्या बाहेर. कधी लागला तर बोलणं झाल्यावर वैशी दुप्पट रडायची. सुमनला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, “लेकराला घेऊन जा एकदा तिच्या मायकडं. शेजारच्या बाया विचारून राह्यल्या, काय मारता का तिला म्हणून.” मी म्हणायचो, दुकान आहे, सीझन आहे. टीव्हीचे रिमोट वाट बघत होते ना माझी.

मग मला हत्ती सुचला. सुचल्यावर मात्र दुकान बंद ठेवायला वेळ मिळाला. जालन्याहून एसटी, पुढे काळीपिवळी जीप, तिथून पायी. हत्ती पिशवीत. पोरीला आईकडे न्यायला नाही, आईचा आवाज पोरीसाठी आणायला मी एवढा प्रवास केला. तिला बरोबर नेता आलं असतं, जीपमध्ये ती मांडीवर मावली असती. हे तेव्हा मला सुचलंही नाही, इतका मी माझ्या कल्पनेच्या प्रेमात होतो.

वहिनी चुलीपाशी होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिने हत्ती उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

“भावजी, ह्याच्यात म्या काय बोलू? हत्तीला काय सांगू?”

“हत्तीला नाही वहिनी, वैशीला. रोज जे बोलता तेच बोला.”

“ती समोर न्हाई मंग कसं बोलू?”

दादा खाटेवरून म्हणाला, “बोल की. माझ्यावर तोंड सोडताना मी तरी कुठं समोर असतो?”

ती हसली. पदर तोंडाशी नेला, घसा खाकरला, आणि परक्या घरात बोलावं तसं हळू बोलली. मी म्हणालो, मोठ्याने. तेवढ्यात गडी मेंढरं घेऊन परतला आणि कोकरांनी गलका केला. मी कपाळावर हात मारला, पण वहिनीला त्या गलक्यात उलट धीर आला. तिने सवयीने कोकरांसाठी जिभेने टकटक केलं आणि त्याच दमात बोलून टाकलं, “वैशे, जेवलीस का गं? पोटभर खा. काकूला तरास देऊ नगंस.” बटण सोडलं. पट्टीत तेवढंच मावत होतं. मागे कोकरं ओरडताना ऐकू येत होती. मला तो दोष वाटला. परत रेकॉर्ड करू या म्हणालो, पण दादा मला म्हणाला, “ऱ्हाऊ दे बापू. बराबर आलं.”

हत्ती चालला. घरी आणला, वैशीच्या हातात दिला, पोट दाबलं. पोरीचा चेहरा बघून सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. “जेवलीस का गं?” हत्तीने विचारलं. “जेवले!” वैशी म्हणाली. पुन्हा दाबलं. “जेवले, वरण खाल्लं!” पुन्हा दाबलं. संध्याकाळचं रडणं थांबलं. गल्लीत बातमी पसरली. जुन्या जालन्यातले खेळण्यांचे ठोक व्यापारी शेख चाचा, ज्यांच्याकडून हत्ती आणला होता, ते खास बघायला आले. पोट दाबून त्यांनी मान डोलावली. “अरे भाई, तुमने तो हाथी को जुबान दे दी!” मी नम्रपणे हसलो. त्या हसण्याइतकं किळसवाणं माझ्या चेहऱ्यावर दुसरं काही आलं नसेल.

मग गिऱ्हाइकं आली, आणि माणसाच्या जातीबद्दल माझं मत जे बिघडलं ते अजून सुधारलेलं नाही.

पुण्याला नोकरी करणारा एक गृहस्थ माकड घेऊन आला. मुलगा इथे आजोबांकडे होता. त्याला माकडात संदेश ठेवायचा होता. बटण दाबून तो म्हणाला, “बेटा, मोबाइल बघू नको, अभ्यास कर,” आणि हे म्हणताना दुसऱ्या हाताने तो मोबाइल बघत होता. तीन भावांनी म्हाताऱ्या बापासाठी ससा आणला. कोणाचा आवाज आधी यावा यावर माझ्या काउंटरवर त्यांची जुंपली. शेवटी तिघांनी मिळून एका सुरात “बाबा, गोळ्या घ्या” म्हटलं, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. काही दिवसांनी म्हातारे स्वतः ससा घेऊन आले. म्हणाले, “हे काढून टाका आन पयलं गाणं घाला परत. गाणं बरं व्हतं.” मी पट्टी फेकून दिली होती. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग मुका करा.” मी मुका केला. माझ्या हातून झालेलं हे एकच चांगलं काम.

एकाला निवडणूक लढवायची होती. वॉर्डातल्या घराघरांत पोपट वाटायचे, पोपट दाबला की ‘माझ्या लाडक्या बालमित्रांनो’. परवा एक गिऱ्हाईक मोबाइल दाखवत म्हणालं की आता बोलायचीही गरज नाही, आवाजाचा थोडा नमुना दिला की यंत्र त्या आवाजात हवं ते बोलतं. मी म्हणालो, म्हणजे बापाला तेवढाही त्रास नको. त्याला ते कौतुक वाटलं. सगळी माणसं अशी घाईघाईने येतात, बटणावर माया ओकतात, सेल किती दिवस टिकेल ते विचारतात आणि जातात. मी त्यांना तुच्छ मानतो. आणि मग आठवतं की या सगळ्यांचा पहिला नमुना मी आहे. त्यांनी माझंच बघून सुरू केलं.

कारण हत्तीचं पुढे काय झालं ते मी रोज बघत होतो.

आधी वैशी प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. मग एक दिवस तिने मुद्दाम खोटं उत्तर दिलं. “जेवलीस का गं?” “न्हाई जेवले.” आणि कान लावून थांबली. हत्तीने काही विचारलं नाही. पुन्हा दाबलं, तोच प्रश्न. “म्या आता जेवणारच न्हाई,” ती म्हणाली. हत्ती म्हणाला, पोटभर खा. तिने मला विचारलं, “काका, हत्ती भयरा हाय का?”

मी तिला पट्टी, ठिपका, माइक समजावून सांगितलं. पहिलीतल्या पोरीला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्यानंतर हत्तीला उत्तर दिलं नाही.

पण दाबणं सोडलं नाही. ती पोट दाबायची आणि त्या नाण्याएवढ्या स्पीकरला कान चिकटवायची. मी विचारलं, आईचा आवाज नीट येत नाही का? ती म्हणाली, “आई न्हाई. मागून कोकरू वरडतंय ना, ते आपल्या भुरी मेंढीचं हाय.” मला दोष वाटला होता तेवढाच आवाज तिने ठेवला होता. बाकीचा, मी घडवून आणलेला, तिने सोडून दिला होता. पुढे काही दिवसांनी तेही थांबलं. म्हणाली, “आता ते येवढं बारीक वरडत नसंल. मोठं झालं आसंल.” हत्ती कपाटावर गेला. संध्याकाळी ती पुन्हा उंबऱ्यात उभी राहू लागली. आता रडत मात्र नव्हती. आणि रडत नाही म्हणजे रमली, असं मी ठरवून टाकलं.

संक्रांतीला तिला तळावर न्यायला वहिनी येणार, हे आधीपासून ठरलं होतं. वैशी ते शाळेतल्या सगळ्यांना सांगून आली होती. शाळूचा हुरडा खाईन, भुरीला भेटेन, असं रोज चालू होतं. त्या आठवड्यात दादाचा फोन लागला आणि मी त्याला म्हणालो, “दादा, येऊ नका आत्ता. पोरगी रमलीय. हत्ती आहे तिच्याजवळ. भेटलात की पुन्हा पहिल्यापासून रडणं.” मागे सुमन उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाठ वळवली. दादा म्हणाला, “तुला जसं बरं वाटंल तसं.” त्याच्यासाठी मी शिकलेला होतो. संक्रांतीला सुमनने वैशीला तीळगूळ दिला, नवा फ्रॉक घातला. दिवसभर ती फ्रॉक जपत बसून होती. दिवस मावळल्यावर तिने विचारलं, “आई का न्हाई आली?” आणि मी, पाटीवर खडूने लिहावं इतक्या सहज, म्हणालो, “अगं, हत्तीत आहे ना आई.”

हे वाक्य मी नाकारत नाही. माझंच आहे. डब्यातून आलेलं नाही.

त्यानंतर वहिनीचा फोन आला. फोनवर ती कधी मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशी बोलली. “भावजी, मला बी एक हत्ती करा की. तिचा आवाज घालून. हितं दिसभर मेंढरांचंच ऐकून राह्यले. सांजच्याला जरा तिचं बी ऐकंल.” तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. मागणीच होती, दुकानावर येऊन कुणी करावी तशी. मी तिला हो म्हणालो. चाचांकडून दुसरा पिवळा हत्ती आणला, पट्टी बसवली, आणि शाळा सुटल्यावर वैशीला दुकानात बोलावून काउंटरवर बसवलं.

“आईला पाठवायचाय. बोल, आई, मी मजेत आहे.”

ती हत्तीकडे बघत राहिली.

“बोल ना बेटा. शाळेत काय शिकवलं ते सांग.”

तिने ओठ आत ओढून घेतले. दात घट्ट. गोळी कडू लागली की मुलं करतात तसं तोंड.

मी गोड बोललो. चॉकलेट आणलं. तिने चॉकलेट घेतलं, खाल्लं, आणि पुन्हा ओठ मिटले. शेजारचा पंक्चरवाला हसत म्हणाला, “क्या हुआ, हाथी का इंजिन स्टार्ट नहीं हो रहा?” मला राग आला. मी म्हणालो, “वैशे, आईला तुझा आवाज ऐकायचाय. तुला आईची माया नाही का?”

तेव्हा ती बोलली, बटणावरचं माझं बोट सुटलेलं आहे याची खात्री करून. “काका, तुमाला आवाज दिला तर आई येणार न्हाई. हत्तीतच ऐकंल.”

मी काय करायला हवं होतं, हे या ओळी वाचणाऱ्या कुणालाही कळेल. मला त्या क्षणी कळलं नाही. मी म्हणालो, असं काही नसतं, आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सोडलं. पुन्हा दाबलं. शेवटी शटर ओढायची वेळ झाली. हत्तीत काय उरलं होतं, तर शेवटच्या प्रयत्नाचं. तो मी वाजवून बघितला. “बोल बेटा. आईला सांग मी मजेत आहे. बोल ना. बोल.” आणि मग नुसती खरखर. हे पाठवण्यासारखं नव्हतं. पण सकाळी घनसावंगीकडे जाणारा ओळखीचा जीपवाला दुकानावर थांबला आणि मी त्याला हत्ती देऊन टाकला. पोरगी बोलली नाही हे फोन करून सांगायची लाज वाटली. शिवाय कुठेतरी असंही होतं की माझी जोडणी पक्की आहे, हत्ती वाजतो, हे तरी तिकडे दिसेल. माणूस आपल्या कारागिरीसाठी किती खाली उतरतो, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

हत्ती पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली. मेंढरं दादावर टाकून, एकटी, आयुष्यात पहिल्यांदा एसटी बदलत, विचारत विचारत मस्तगडात. अंगाला लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास. पिशवीत हत्ती आणि हुरड्याची कणसं. दुकानाच्या पायरीवर ती टेकली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिने पदराने तोंड पुसलं.

“लेकरू बोलंना म्हणून आले.”

“वहिनी, ती लाजली, तिला मी…”

“न्हाई भावजी. हत्तीत तुमीच बसल्ते की.” ती हसली. खरंच हसली, दिराची थट्टा करताना हसतात तशी. “तुमचे दादा म्हणले, बापूला बाहेर काढ त्याच्यातून, गुदमरंल.”

मी पण हसलो. हसावं लागतं.

शाळा सुटली. वैशी गल्लीच्या टोकाला दिसली. आईला बघून ती पळाली नाही. तिथूनच, वाटेतल्या दुचाक्यांच्या वरताण आवाजात, तिने बोलायला सुरुवात केली. भुरीचं कोकरू केवढं झालं, माझा दात पडला, काकूनी नवा फ्रॉक घेतला, बाईंनी मला फळ्याजवळ उभं केलं, तू संक्रांतीला का न्हाई आली, हुरडा आणलास का, म्या रडले न्हाई. सगळी गल्ली ऐकत होती. पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं. इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं ती एकदम ओतत होती आणि वहिनी प्रत्येक गोष्टीला वेगळं उत्तर देत होती. कुठला दात? बघू. भुरीचं कोकरू तर आता ढुशा मारतंय. हां, आले न्हाई, चुकलं माझं. मी काउंटरच्या आत उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही, आणि तेव्हा कुणी बोलावलं नाही तेच बरं होतं.

वहिनी तिला घेऊन गेली. सुमनने पिशवी भरून दिली. दोन्ही हत्ती मागे राहिले. एक कपाटावर, एक काउंटरवर.

इथे मला एक कबूल करायचं आहे, आणि ते हत्तीपेक्षा अवघड आहे. शाळेबद्दल मी चुकीचा नव्हतो. त्यानंतर वैशीची शाळा तुकड्यातुकड्यांची झाली. तळ जिथे पडेल तिथल्या शाळेत मास्तर बसू देतील तेवढे दिवस बसायचं, मग पुढचं गाव, पुढचे मास्तर. तिच्या वयाची मुलं धडे घडाघडा वाचतात, ती अजून बोट ठेवून वाचते. संक्रांतीला मी तिला मांडीवर बसवून जीपमधून नेलं असतं, चार दिवसांनी परत आणलं असतं, तर ती बहुतेक माझ्याकडेच राहिली असती. शिकली असती. मला फक्त दोन-तीनदा दुकान बंद ठेवायचं होतं. ते न करता मी एक खेळणं बनवलं, आणि खेळण्याने तिची शाळाही घालवली. चूक करणारा माणूस सगळीकडे चूक असता तर बरं झालं असतं. मी अर्धा बरोबर होतो, आणि त्या अर्ध्याची किंमत वैशी मोजते आहे.

पाटी मी उतरवली नाही. गिऱ्हाइकं येतात. कालच एक बाई नणंदेच्या बाळासाठी अस्वल घेऊन आली होती. मी स्पंज नीट लावून दिला.

गेल्या आठवड्यात बाभळींना कापूस दिसला आणि मी दुकान बंद ठेवून निघालो. कोणी बोलावलं नव्हतं. घनसावंगीला जीपमधून उतरलो, शाळूच्या कडेकडेने चालत गेलो. कणसं भरत आली होती, पाखरांचा कालवा होता. दादाने खाटेवर घोंगडी टाकली. वहिनीने चहा केला. म्हणाली, “भावजी, दुकान कसं चालून राह्यलं?” आणि मी म्हणालो, चालतंय. वैशी उंच झाली आहे. माझ्याशी नीट बोलली, काकू कशी आहे विचारलं, पंक्चरवाला अजून तसाच हसतो का विचारलं. मनात काही नाही तिच्या, असं मला वाटलं. मी सुखावलो.

दिवस कलला. लांब धुरळा दिसला. गडी दादाची मेंढरं घेऊन येत होता, आणि जाळीतली कोकरं उठून उभी राहिली. काही जाळीखालून निसटून शाळूत घुसली होती. वैशी त्यांना बोलवायला बांधावर जाऊन उभी राहिली. पाय रोवले, मान वर केली, छाती भरून घेतली. आधी वहिनीसारखी टकटक आणि मग तिची स्वतःची लांब हाक, हे आता रोज तिचं काम आहे, दादा म्हणाला, तिच्या हाकेला कोकरं कुठूनही येतात.

मी खिशातून मोबाइल काढला. देवाशपथ सांगतो, हात आपोआप गेला.

तिने ते तिरप्या नजरेने पाहिलं. भरून घेतलेला श्वास तसाच ठेवला. ओठ आत ओढून घेतले, दात घट्ट. तेच तोंड. कोकरं शाळूत ओरडत होती, मेंढरं पलीकडून ओरडत होती, आणि ती मधे गप्प उभी होती. मी मोबाइल खिशात घातला. हात वर करून रिकामे दाखवले. दादा म्हणाला, “ए वैशे, हाक मार की, अंधार पडंल.” तिने नाही म्हणून मान हलवली. वहिनी चुलीपासून माझ्याकडे बघत होती. या वेळी ती हसत नव्हती.

मी उठलो. म्हणालो, शेवटची जीप चुकेल. कुणी रहा म्हणालं नाही. बांध उतरलो, शाळू ओलांडला, गाडीवाटेला लागलो. बाभळीच्या आड गेल्यावर मागून हाक आली. मोकळी, लांब, अख्ख्या रानावरून जाणारी. पाय आपोआप थांबले.

ती कोकरांना होती. मी चालायला लागलो.